हायड्राइडची मिश्रणं: कागदावरचे टक्के आणि भांड्यातले टक्के

प्रश्न: हायड्रोजन साठवायला हायड्राइड, म्हणजे हायड्रोजन धरून ठेवणारी संयुगं, वापरतात. एकट्या मॅग्नेशियम हायड्राइडमध्ये वजनाने ७.६ टक्के हायड्रोजन असतो. मग त्यात दुसरं हायड्राइड मिसळायचा खटाटोप कशासाठी?

तो बाहेर काढायला भट्टी लागते म्हणून. हायड्रोजनच्या प्रत्येक मोलमागे सुमारे ७५ किलोज्यूल उष्णता दिल्याशिवाय मॅग्नेशियम त्याला सोडत नाही, आणि १ बार दाब मिळवायला तापमान २८० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावं लागतं. लिथियम बोरोहायड्राइडचीही (लिथियम, बोरॉन आणि हायड्रोजनचं संयुग) जवळपास तीच गत. दोन्ही एकत्र तापवली की हायड्रोजन निघून गेल्यावर उरलेलं मॅग्नेशियम आणि बोरॉन एकमेकांना धरतात आणि मॅग्नेशियम डायबोराइड बनतं. त्या जोडणीत निघणारी उष्णता एकूण खर्चातून वजा होते. मोलमागे साधारण २५ किलोज्यूल वाचतात.

प्रमाण २ मोल बोरोहायड्राइडला १ मोल मॅग्नेशियम हायड्राइड. १० ग्रॅम मिश्रणासाठी अनुक्रमे ६.२३ आणि ३.७७ ग्रॅम. कागदावर ११.५ टक्के हायड्रोजन. पण वाचलेली उष्णता म्हणजे वाढलेला वेग नव्हे: हिशेबाने तापमान बरंच खाली येतं, तरी प्रत्यक्षात ३५० ते ४०० अंश लागतातच.

प्रश्न: हेच मिश्रण निर्वातात ४०० अंशांना तापवलं. पहिल्या खेपेला हायड्रोजन छान सुटला, पण परत भरताना निम्माही घेत नाही. उत्प्रेरक कमी पडला का?

उत्प्रेरक नाही, निर्वात नडला. भांड्यात हायड्रोजनचा दाबच नसेल तर बोरोहायड्राइड मॅग्नेशियमची वाट न बघता एकटंच फुटतं. त्यातून सुटं बोरॉन आणि लिथियमचं बारा बोरॉनवालं संयुग उरतं. दोन्ही इतकी हट्टी की नेहमीच्या दाबाला परत हायड्रोजन घेतच नाहीत. सोडतानाच भांड्यात ३ ते ५ बार हायड्रोजन ठेवा. मग बोरोहायड्राइड थांबतं आणि डायबोराइडचा रस्ता धरतं.

इथे आणखी एक फसगत होते. दाबाखाली तापवताना आधी मॅग्नेशियम आपला वाटा सोडतं, आणि मग सुटलेल्या हायड्रोजनचा आलेख आडवा पडतो. कधी कधी काही तास. प्रक्रिया संपली असं वाटतं आणि कोणीतरी पंप लावतो. त्या आडव्या रेषेत डायबोराइडची बीजं तयार होत असतात, थांबा. उत्प्रेरक म्हणून टायटॅनियम ट्रायक्लोराइड २-३ मोल टक्के घातलं तर हा काळ बराच घटतो, पण क्लोरिन थोडं लिथियम खातं, म्हणजे क्षमता किंचित घटते. परत भरायला ३५० अंश आणि ५० ते १०० बार.

बोरोहायड्राइड २८० अंशांच्या आसपास वितळतं आणि वायू सुटताना फेसाळतं. भांडं एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, तोंडाशी धातूची बारीक जाळी बसवा, नाहीतर ते नळीत चढून झडप जाम करतं.

प्रश्न: मॅग्नेशियम अमाइड (नायट्रोजन असलेलं संयुग) आणि लिथियम हायड्राइडचं मिश्रण थेट इंधनघटाला, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या घटाला, जोडता येईल का?

नाही. ५.६ टक्के क्षमता आणि २०० अंशांच्या आसपासचं काम मोहक आहे, पण सोबत थोडा अमोनिया निसटतो. इंधनघटाच्या हायड्रोजनमध्ये ०.१ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ०.१ भाग) जास्त अमोनिया चालत नाही. मध्ये शोषक लावावाच लागेल. आणि निसटलेला प्रत्येक अमोनिया म्हणजे मिश्रणातून कायमचा गेलेला नायट्रोजन, क्षमता हळूहळू ओसरणारच.

प्रश्न: बॉल मिलचा (गोळ्यांनी भुकटी दळणाऱ्या यंत्राचा) डबा उघडताच भुकटी पेटली. पाणी टाकावं का?

पाणी कधीच नाही. हायड्राइडवर ते पडलं की आणखी हायड्रोजन. कार्बन डायऑक्साइडही नाही, मॅग्नेशियम त्यातला ऑक्सिजन ओढून जळत राहतं. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची पावडर जवळ ठेवा. डबा आर्गॉनच्या ग्लव्ह बॉक्समध्येच (हातमोजे बसवलेली, हवाबंद पेटी) भरा आणि तिथेच, गार झाल्यावर, झडपेतून दाब सोडून उघडा. दळताना १५ मिनिटं चालू, १० मिनिटं बंद.

प्रश्न: क्षमता दाबाच्या फरकावरून मोजतो. एकाच नमुन्याचे आकडे सकाळी ५.०, दुपारी ५.३ टक्के. बिघाड कुठे?

बहुधा खोलीत. १ ग्रॅम नमुन्याने ५ टक्के घेतलं म्हणजे ५० मिलिग्रॅम हायड्रोजन. ज्यातून नमुन्याला हायड्रोजन देता ते साठ्याचं भांडं १०० मिलिलिटरचं असेल तर दाब फक्त ६ बारने उतरतो. तो साठा १०० बारवर असताना त्याचं तापमान १ अंशाने बदललं की दाब ०.३ बारने हलतो, म्हणजे तुमच्या आकड्याच्या तब्बल ५ टक्के इतकी चूक. हाच तो ५.० आणि ५.३ मधला फरक. साठ्याचं भांडं पाण्याच्या टाकीत ठेवा आणि तापमान ०.१ अंशापर्यंत नोंदवा. १०० बारला हायड्रोजन आदर्श वायूच्या हिशेबापेक्षा सुमारे ६ टक्के कमी मावतो, तो गुणकही लावा. शेवटी हाच प्रयोग रिकाम्या नमुनाघरावर रात्रभर चालवा. तरीही दाब उतरला तर गळती आहे.