शहापुरात माडीवर राहतो, मुलीच्या सरावासाठी गिटारचा छोटा ॲम्प कोणता घ्यावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नववीतल्या मुलीला इलेक्ट्रिक गिटार घेतली आहे, बेळगावच्या शहापुरात जुन्या घराच्या माडीवर भाड्यानं राहता, खाली घरमालक, बजेट दहा हजारांच्या आसपास, आणि दुकानदार म्हणतो की ४० वॅटचाच ॲम्प घ्या, पुढं गणपतीत कार्यक्रमाला पण होईल.

मी बेळगावातच मुलांना गिटार शिकवतो. शिकवणीच्या निमित्तानं टिळकवाडीपासून वडगावपर्यंत घरोघरचे ॲम्प ऐकायला मिळतात. माझं मत स्पष्ट आहे. ४० वॅटचा घेऊ नका. पाच ते बारा वॅटच्या मधला, हेडफोनची सोय असलेला घ्या. आणि निवडताना तो मोठ्यानं किती दणकतो हे बघू नका, अगदी हळू ठेवल्यावर कसा वाजतो ते बघा. घरात तो वर्षभर तसाच वाजणार आहे.

दुकानदार खोटं बोलत नाही, खरं त्याचा हिशेब स्टेजचा आहे आणि तुमची गरज माडीची. वॅट चौपट झाले म्हणून आवाज चौपट होत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलनं वाढतो, म्हणजे १० वॅटवरनं ४० वॅटवर गेलात तर सगळे मिळून ६ डेसिबल. कानाला दुप्पट मोठा वाटावा इतका फरक पडायला साधारण १० डेसिबल लागतात, त्याला दहापट वॅट पाहिजेत. उलट बाजूनं बघा: गिटारच्या लहान ॲम्पमधला स्पीकर नुसत्या एका वॅटवर, एक मीटर अंतरावर ८५ ते ९० डेसिबलपर्यंत सहज जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे घरातला सराव एका वॅटच्याही बऱ्याच खाली चालतो. उरलेले वॅट पैसे देऊन नुसते ठेवून द्यायचे.

ते नुसते पडून राहिले असते तरी हरकत नव्हती. अडचण व्हॉल्यूमच्या नॉबची होते. मोठ्या ॲम्पचा नॉब घरात एकच्या खालीच अडकून राहतो. केसभर फिरवला तर आवाज बंद, आणखी केसभर फिरवला तर खालून घरमालकांची हाक. मुख्य पाइपलाइनचा व्हॉल्व्ह उघडून चहाचं पातेलं भरायला जावं तसं होतं ते. शिवाय स्वस्त ॲम्पमधले नॉब सुरुवातीच्या त्या टप्प्यातच सर्वांत बेभरवशाचे असतात, तिथंच आवाज एकदम उडी मारतो.

याला अपवाद आहेत. बॉस कटाना ५० सारख्या ॲम्पला मागची ताकद अर्ध्या वॅटपर्यंत खाली आणायची सोय दिलेली आहे, तो घरातही नीट वाजतो. खरं तो तुमच्या बजेटच्या बराच बाहेर जातो, आणि नववीतल्या मुलीला आत्ता त्याची गरज पण नाही.

गणपतीतल्या कार्यक्रमाचं म्हणाल तर तिथं ड्रम आणि ढोलापुढं ४० वॅटचा स्वस्त ॲम्पही कमीच पडणार. मंडळाकडं साउंड सिस्टीम असतेच. छोट्या ॲम्पच्या स्पीकरसमोर चार बोटांवर माइक लावायचा आणि तो मिक्सरमध्ये घ्यायचा. मोठमोठ्या स्टेजवरही गिटारचा आवाज असाच लोकांपर्यंत पोचवतात. त्यामुळं पुढं उपयोगी पडेल म्हणून आज मोठा घ्यायचं कारण राहत नाही.

आता हळू आवाजाबद्दल जरा सविस्तर, कारण निवडीचा खरा निकाल इथं लागतो. आवाज कमी केला की आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरची पट्टी जास्तच कमी ऐकू येते. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. म्हणून दुकानात मोठ्यानं भरदार वाटलेला ॲम्प घरी हळू केल्यावर पत्र्यासारखा वाजतो, आणि मुलं म्हणतात, ‘सर, माझीच गिटार खराब आहे.’ गिटार चांगली असते की. तो ॲम्प हळू वाजण्यासाठी निवडलेलाच नसतो. वडगावातल्या विणकरांच्या घरी दिवसा माग चालू असताना कुठलाही ॲम्प चालतो, कुणाला ऐकूही जात नाही. संध्याकाळी माग थांबले की तोच आवाज गल्लीभर जातो, आणि शाळा-ट्यूशन उरकून मुलं सरावाला बसतात ती नेमकी त्याच वेळेला.

म्हणून दुकानात जाताना मुलीला आणि तिची गिटार दोन्ही बरोबर न्या. सकाळी दुकान उघडतानाच जा, त्या वेळी बाजारात गलबला कमी असतो. ॲम्पवरचे बेस-ट्रेबलचे नॉब मध्यावर ठेवा, ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटल्यासारखा जाड करायची सोय) बंद करा, आणि आपण दोघं शेजारी बसून नेहमीच्या आवाजात बोलू शकू इतकाच व्हॉल्यूम ठेवा. मग तिला सर्वांत जाड तार मोकळी वाजवायला सांगा. ती तार ८२ हर्ट्झची. तीन इंची स्पीकरला तो मूळ स्वर नीट काढता येत नाही, आपण ऐकतो ती बहुतेक त्याची वरची सावली, म्हणजे त्याच्या वरचे उपस्वर असतात. सहा इंचीतून थोडा भर येतो, आठ इंचीतून आणखी. मग जी कॉर्ड सावकाश, एकेक तार सोडत वाजवू दे. सहाही तारा वेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत. त्यानंतर गिटारवरचा व्हॉल्यूम निम्मा करून बघा, आवाज गढूळ झाला तर तो ॲम्प तिथंच ठेवा. मग ओव्हरड्राइव्ह चालू करा, व्हॉल्यूम तेवढाच. अनेक लहान ॲम्प इथं डासासारखे गुणगुणतात. शेवटी तारांवर हात ठेवून शांत करा आणि नुसता ॲम्प ऐका, हिस्स आणि हम (खालच्या पट्टीतली गुणगुण) किती येतो ते. आणि नॉब शून्यावरनं अगदी सावकाश वर न्या. आवाज हळूहळू वर यायला पाहिजे, एकदम उसळायला नको. एवढं केलंत तर खोक्यावर वॅट किती छापलेत ते बघायची गरज पडणार नाही.

नावं घेऊन सांगतो. फेंडर फ्रंटमन १०जी: १० वॅट, ६ इंची स्पीकर. स्वच्छ आवाज चांगला, ओव्हरड्राइव्ह कोरडा, रिव्हर्ब (आवाज घुमवायची सोय) नाही. ऑरेंज क्रश १२: १२ वॅट, स्पीकर ६ इंचीच, मिडचा, म्हणजे मधल्या पट्टीचा, वेगळा नॉब असल्यानं आवाज मनासारखा लावता येतो आणि ओव्हरड्राइव्ह या आकारात मला सर्वांत आवडतो. बॉस कटाना मिनी: ७ वॅट, ४ इंची, सहा पेन्सिल सेलवर चालतो, डिले (प्रतिध्वनीची सोय) आहे. त्याचा अडॅप्टर वेगळा विकत घ्यावा लागतो, ते पैसे हिशेबात धरा. ब्लॅकस्टार फ्लाय ३ हा ३ वॅटचा, ३ इंची, टेबलावर ठेवायचा. प्रवासात उत्तम, खरं घरातला एकुलता एक ॲम्प म्हणून मी तो सुचवणार नाही. रोलंड मायक्रो क्यूब जीएक्स ३ वॅटचाच, खरं स्पीकर ५ इंची आणि ट्यूनर आतच आहे. किमती सतत हलत असतात, त्यातला एखादा तुमच्या बजेटच्या जरा वर जाईल. तुमच्या जागी मी क्रश १२ किंवा फ्रंटमन घेतला असता. तुमच्या गल्लीत लाइट वारंवार जात असेल तर कटाना मिनी.

ज्यात शंभर आवाज आणि मोबाइल ॲप असतं तसले ॲम्प पहिल्या वर्षी टाळा. ते वाईट नसतात, काही तर फारच सुंदर वाजतात. खरं सरावाचा अर्धा तास आवाज शोधण्यातच जातो, आणि जाड डिस्टॉर्शनखाली (ओव्हरड्राइव्हचाच जोरकस प्रकार) नीट न दाबलेली तार लपून जाते. सुरुवातीला स्वच्छ आवाजात वाजवलेलंच हाताला वळण लावतं.

गिटार, माइक, कीबोर्ड सगळं लागतं अशा रिचार्जेबल बॅटरीच्या डब्यांपासून पण सांभाळा. ते गाण्यासाठी बरे. गिटारच्या स्पीकरचा आवाज साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर उतरत जातो, त्यामुळंच ओव्हरड्राइव्ह गोड लागतो. त्या डब्यांत ट्वीटर (वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर) असतो, तो डिस्टॉर्शनची सगळी करकर तशीच बाहेर फेकतो. घरच्या होम थिएटरला थेट जोडण्याचंही तसंच. शिवाय गिटारच्या पिकअपला (तारांचा कंप टिपणारा चुंबकी भाग) साधारण एक मेगाओम रोधाचा इनपुट लागतो आणि त्या यंत्रांचा त्याच्या पाच-दहा टक्केही नसतो, म्हणून आवाज बसका येतो.

हेडफोनची सोय हवीच, रात्री दहानंतर तोच आधार. खरं हेडफोन वायरचाच घ्या. बहुतेक ब्लूटूथ हेडफोनमध्ये तार छेडल्यापासून कानात येईपर्यंत सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त वेळ जातो, ताल धरताच येत नाही. ॲम्पवर ब्लूटूथ लिहिलेलं असतं ते बहुतेक मोबाइलवरचं गाणं ॲम्पवर लावून त्याबरोबर वाजवण्यासाठी. हेडफोनचं भोक जाड आहे की बारीक ते बघून कन्व्हर्टर त्याच वेळी घेऊन टाका. आणि बजेट अगदीच ताणलं जात असेल तर व्हॉक्सचा ॲमप्लग गिटारमध्येच खोचता येतो, रिमोटच्या आकाराच्या दोन सेलवर चालतो आणि थेट हेडफोनमध्ये ऐकवतो. त्यावर सहा महिने निघतात.

आता विजेचं. याकडं कुणी लक्ष देत नाही आणि मला याचीच सर्वांत काळजी वाटते. आपल्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, खरं अर्थची वायर मागं कुठंच जोडलेली नसते. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे मुलीचे हातही. तारांना हात लावल्यावर हम थोडा कमी झाला तर ते नेहमीचं आहे. खरं झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. भाड्याचं घर असलं तरी हे घरमालकांना सांगाच, त्यांच्या फ्रिज आणि गिझरलाही तेच अर्थिंग लागतंय. ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच) बसवून घेतलात तर फारच बरं. हम घालवायला कुणी अर्थची पिन तोडायचा सल्ला दिला तर ऐकू नका.

अर्थिंग ठीक असूनही गुणगुण येत असेल तर खोलीतला पंखा बंद करून बघा. गोल फिरवायचे जुने इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि काही एलईडी दिवे सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपमध्ये हमखास शिरतात. गिटार हातात धरून थोडं वळून बसलं की एका बाजूला आवाज जवळपास नाहीसा होतो, तिथं खुर्ची ठेवायची. हेस्कॉमची (इथली वीज कंपनी) लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवणार असाल तर तो साइन वेव्हचा आहे का ते बघा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर ॲम्प सतत घरघरतो, त्यापेक्षा सेलवरचा ॲम्प बरा. आणि कुणी नातेवाईक अमेरिकेतून ॲम्प पाठवतो म्हणाला तर त्याला मागची पाटी वाचायला सांगा. तिकडचा १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० व्होल्टवर लावल्या लावल्या जळेल.

ॲम्प जमिनीवर ठेवू नका. माडीचा तक्ता लाकडी असला तर खर्ज थेट खाली उतरतो, आणि वाजवणाऱ्याच्या मात्र पायांवरनं निघून जातो. लाकडी खुर्चीवर जुनी सतरंजी घडी करून त्यावर ठेवा, तोंड कानाकडं. तेवढ्यानं व्हॉल्यूम आपोआप खाली येतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नका, स्पीकरचा कागद आणि नॉब दोन्ही बिघडतात.

शेवटचं दुरुस्तीचं. साध्या ॲम्पचा जॅक सैल झाला किंवा नॉब खरखरला तर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कुणीही हुशार माणूस तो बदलून देतो. डिजिटल ॲम्पची बारीक पुर्ज्यांची पाटी गेली की ती सर्व्हिस सेंटरलाच पाठवावी लागते, आणि आपल्यासारख्या गावात त्यात फार दिवस जातात. ऑनलाइन स्वस्त मिळालं तरी आधी वॉरंटीचं काम कुठं होणार ते विचारा. गोव्यात वाजवणारे खूप, त्यामुळं तिकडं जुने ॲम्प चांगले मिळतात. तुमचं जाणं होत असेल तर बघायला हरकत नाही, मात्र वर सांगितलेली हळू आवाजाची तपासणी तिथंही पूर्ण करा. केबल तीन मीटरची, शिल्डेड घ्या, स्पीकरची वायर नको. मुलीच्या गिटारला पिकअप कोणते आहेत ते कळवलंत तर क्रश आणि फ्रंटमनमधला कुठला जास्त जुळेल ते मी नक्की सांगेन.