कोऱ्या कागदावर सही करण्याआधी

प्रिय पोरी,

परवा रबाळे स्टेशनच्या जिन्यावर तू घाईघाईत जे सांगितलंस, ते डोक्यातून जात नाही. अकरा महिने भरत आले की ठेकेदार आठ दिवसांचा ब्रेक देतो, आणि परत गेलं की दुसऱ्याच ठेकेदाराच्या नावाचं कार्ड हातात पडतं. कंपनीतला बेल्ट तोच, टेबल तेच, सुपरवायझरही तोच. पगार कधी सतरा तारखेला, कधी एकोणिसाला. आणि आता कोऱ्या कागदावर सही मागताहेत. "काकू, करून टाकू का? सगळ्याच करताहेत," असं तू विचारलंस. तेवढ्यात ठाण्याची गाडी आली आणि मी नुसतं "थांब" म्हणाले. आता नीट लिहिते.

सही करू नकोस. कोऱ्या कागदावर उद्या तुझा राजीनामा लिहिता येतो, सगळा हिशेब मिळाल्याची पावती लिहिता येते. "भरून द्या, वाचून सही करते," एवढंच म्हण. आवाज चढवू नकोस, आणि एकटी म्हणू नकोस. तुझ्या टेबलावरच्या तिघी-चौघींनी आधी एकमेकींत बोलून घ्या. एकटीला गेटवरून परत पाठवणं सोपं असतं. ऐन ऑर्डरच्या दिवसांत चौघींना परत पाठवताना त्यांनाही विचार करावा लागतो.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. १९८६ साली ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका औषधांच्या कंपनीत मी पॅकिंगला लागले. तेव्हा ही ट्रान्स हार्बरची गाडी नव्हती, बसला लोंबकळत जायचं. पहिली चार वर्षं मी ठेकेदाराकडे होते, नंतर कायम झाले. गोळ्यांची पाकिटं, म्हणजे ब्लिस्टर, तपासायचे, कार्टनमध्ये भरायचे, दिवसभर उभं राहून. चार वर्षं केलं तेच काम पुढे सतरा वर्षं केलं. २००७ ला कंपनी बंद झाली, हिशेबाचा कागद आला, आणि त्यात माझी नोकरी सतरा वर्षांची होती. पहिली चार वर्षं कुठेच नव्हती. ठेकेदार कधीच गाशा गुंडाळून गेला होता. कंपनी म्हणाली, आमच्या रजिस्टरला तुमचं नाव नाही.

माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, तू घरी आलीस की दाखवीन. त्यात ठेकेदाराची हजेरी कार्डं होती, पण चारपैकी दोनच वर्षांची. बाकीची घर बदलताना गेली. युनियनने ती दोन वर्षांची कार्डं घेऊन भांडण केलं, आणि तेवढी दोन वर्षं पदरात पडली. माझ्याबरोबर लागलेल्या तिघींकडे एकही कार्ड नव्हतं, त्यांना काहीच मिळालं नाही. त्यातल्या एकीचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पण मी तिथे होते ना."

त्या कार्डांखाली डब्यात माझ्या आबांची पगाराची पहिली चिठ्ठी आहे. आबा माथाडी. पाटण तालुक्यातून आलेले, मशीद बंदरला गोण्या वाहायचे. पुढे बाजार वाशीला हलला तसे आम्ही कोपरखैरण्याला राहायला आलो. मान आणि खांद्याच्या मधोमध त्यांना घट्टा पडला होता, रुपयाएवढा, हात लावला तर लाकडासारखा. रात्री आई त्याला खोबरेल चोळायची.

आबा सांगायचे, पूर्वी माथाडी कुणाचाच नसायचा. आज या पेढीचा माल उतरव, उद्या त्या गोदामाचा चढव. हात मोडला तर मालक कोण, हेच कळायचं नाही. व्यापारी म्हणायचा, आमचा माणूस नाही. मुकादम म्हणायचा, मी पण हमालच. आता तुझ्याच नोकरीकडे बघ. कंपनी म्हणते ठेकेदाराची, ठेकेदार म्हणतो आधीच्या ठेकेदाराची. साठ वर्षांपूर्वी आबा जिथे उभे होते तिथेच तू उभी आहेस, फक्त तुझ्या गळ्यात प्लास्टिकचं कार्ड आहे.

त्यातून वाट काढली ती अण्णासाहेब पाटलांनी. तेही पाटणचेच, स्वतः ओझी वाहिलेले. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याची रचना समजून घे, मला ती फार मोठी गोष्ट वाटते. एकच मालक नाही ना, मग मंडळ करा. मंडळाकडे हमालाची नोंद आणि व्यापाऱ्याचीही नोंद. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरलेले जादा टक्के, भरायची. मजुरी हमालाला मंडळ देणार, आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा. मालक बदलत राहिले तरी माणसाची वर्षं तुटत नाहीत. आबांच्या त्या पहिल्या चिठ्ठीवर गावाचं नाव चुकलं होतं. ते दुरुस्त करून घ्यायला आबांनी दोन खाडे केले, दोन दिवसांची मजुरी बुडवली. आई चिडली होती. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण ती नोंद बरोबर हवी होती.

तू म्हणालीस, कायम मुलींना आमच्याहून थोडाच जास्त पगार आहे, त्यासाठी कशाला डोकं फोडायचं. पोरी, पगारातला फरक डोळ्यांना दिसतो. खरा फरक साठत जाणाऱ्या गोष्टींत आहे. रजा साठते, पीएफ साठतो, सलग वर्षं साठली की ग्रॅच्युइटी उभी राहते. दर अकरा महिन्यांनी येणारा ब्रेक हे साठणंच कापतो. दोघी एकाच बेल्टवर वीस वर्षं उभ्या राहिल्या तर एकीच्या हातात मुलाच्या शिक्षणाचे पैसे येतात, दुसरीच्या हातात वीस वेगवेगळी कार्डं. ठाण्यात पोखरण रोडला, वागळे इस्टेटला जिथे कारखान्यांचे भोंगे वाजायचे तिथे आता टॉवर दिसतात. जमीन ज्याची होती त्याची वर्षं वाढत्या भावाने मोजली गेली, आणि कामगाराची मोजतानाच तुटली.

पगाराच्या तारखेचंही सांगते. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव ऐकलं आहेस का? जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' या वर्तमानपत्राचे संपादक, आणि जन्म आपल्या ठाण्यातला, १८४८ चा. त्यांनी १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. आठवड्याची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, कामावर जखमी झालेल्याला पगार द्या. त्यातली एक मागणी अशी होती, की महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. तुझा पगार एकोणिसाला होतो. मी ते ऐकलं आणि पोटात कालवलं. आजचा कायदा सात तारीख सांगतो. ठेकेदाराने पगार थकवला तर तो मूळ कंपनीने द्यायचा असतो, पीएफची जबाबदारीही शेवटी तिच्यावरच येते. हे तुमच्या ऑफिसात कुणी सांगणार नाही.

रविवारची सुट्टी मिळायला मात्र १८९० उजाडलं. एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन कामगार बायका उठून बोलल्या, आणि १० जूनपासून रविवार सुट्टीचा झाला. त्या दोघींची मला फार आठवण येते. त्यांची नावं कुणी जपून ठेवली असती तर!

लढलं की मिळतंच, असं मी तुला सांगणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. मागण्या खऱ्या होत्या. पण कापड तोवर भिवंडीच्या यंत्रमागांवर निघायला लागलं होतं, छोट्या छोट्या शेडमध्ये, बारा-बारा तासांच्या पाळीत, रजिस्टर नसलेल्या माणसांच्या हातून. माझ्या मते गिरण्यांचा संप तिथेच अडकला. नोंद असलेल्या कामगाराला नोंद नसलेल्याने हरवलं, आणि त्यात त्या यंत्रमागवाल्याचा काही दोष नव्हता. म्हणून कायम मुलींशी वैर धरू नकोस. तू स्वस्त आहेस तोवर त्यांचीही नोकरी पक्की नाही, हे त्यांनाही सांग.

आणि तुझ्या टेबलावरची ती घणसोली गावातली मुलगी, तिच्या आजोबांना एकदा विचार. आपण काम करतो त्या सगळ्या पट्ट्यात भातखाचरं आणि मिठागरं होती. १९७० ला सिडको आली, नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी. पंचाण्णव गावांच्या जमिनी शहरासाठी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासईला, पागोट्याला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच माणसं गेली. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळते ती त्या लढ्यामुळे. ज्यांच्या शेतावर हे शहर उभं राहिलं त्यांची नात आज तुझ्यासारखीच ठेक्यावर आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कामाचं. रोजच्या हजेरीचा मोबाइलवर फोटो काढ. जुनं कार्ड परत मागितलं तर आधी दोन्ही बाजूंचा फोटो. ठेकेदाराचं नाव कोणत्या तारखेला बदललं ते एका वहीत लिही. पीएफचं पासबुक यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा कायमचा नंबर, घालून उघड आणि बघ, पगारातून कापलेले पैसे खरंच भरले आहेत का, दर महिन्याला. नंबर एकच राहिला पाहिजे, नव्या ठेकेदाराने नवा काढू देऊ नकोस. ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, नंबर घे, तुझ्या आईलाही त्यातून वाशीच्या कामगार रुग्णालयात दाखवता येईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्या. त्यातलं बरंच मला पटत नाही, कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची ती मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली, हे तर मुळीच नाही. पण नेमणूकपत्र देणं त्यात बंधनकारक आहे, तेवढं आपल्या उपयोगाचं. ते लेखी माग, अर्जाची पोच घे.

रविवारी बोलावलं तर दुप्पट ओव्हरटाइम लागतो हे विचारून घे. पण या रविवारी जमलं तर जाऊ नकोस, त्या तिघींना घेऊन माझ्याकडे ये. असतील नसतील ती कार्डं, चिठ्ठ्या, बँकेचे मेसेज सगळं घेऊन या. मी चष्मा आणि वही काढून ठेवते, आपण तारखा लावायला बसू. जेवायलाच या.

तुझी,
काकू