पाम सेव्हन आणि ब्लॅकबेरी: नेटवर्क एकच, मग निकाल वेगळा का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मामांच्या कपाटात अँटेनावाला पाम सेव्हन (पाम कंपनीचा खिशातला संगणक) सापडला, त्याचं इंटरनेट आज चालू होईल का, ही एक. आणि १९९९ मध्येच खिशात मावणारा, बिनतारी इंटरनेट असलेला संगणक विकणारी कंपनी नंतर मागे का पडली, ही दुसरी. पहिलीचं उत्तर सरळ आहे: नाही. ज्या पाम.नेट सेवेवर तो चालायचा ती २००४ मध्ये बंद झाली. तरी त्या यंत्राचं काय करता येईल ते शेवटी लिहितो.

दुसऱ्या प्रश्नावर वर काहींनी "तेव्हा वेगच नव्हता" आणि "यंत्र काळाच्या पुढे होतं" अशी उत्तरं दिली आहेत. मला ती पटत नाहीत. त्या वर्षांत मी न्यू जर्सीत सॉफ्टवेअरच्या कामावर होतो. पाम आणि ब्लॅकबेरी (ईमेल दाखवणारा पेजर) दोन्ही रोज वापरणारी माणसं ऑफिसात होती, त्यामुळे फरक जवळून बघायला मिळाला.

आधी पाम कुठून आली ते थोडक्यात. ॲपलचा न्यूटन हा हातात धरायचा संगणक १९९३ चा. किंमत ७०० डॉलरच्या घरात, आकाराने मोठा, आणि हस्ताक्षर ओळखण्यात सुरुवातीला इतका कच्चा की त्याचं नाव तिथेच खराब झालं. पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांनी त्यावरून नेमका धडा घेतला. माणसाचं अक्षर ओळखायला यंत्राला शिकवण्याऐवजी त्यांनी माणसालाच सोपी, एका फटक्यात काढायची अक्षरं शिकायला लावली. तीच ग्राफिटी. १९९६ च्या मार्चमध्ये पामचं पहिलं यंत्र, पायलट, आलं: १६० बाय १६० ठिपक्यांचा काळा-पांढरा पडदा, १६ मेगाहर्ट्झचा मोटोरोलाचा प्रोसेसर, दोन ट्रिपल-ए सेलवर कित्येक आठवडे चालणारा. आणि सोबत तो क्रेडल. यंत्र त्यात ठेवायचं, एक बटण दाबायचं, की पत्ते, भेटीगाठी, कामांची यादी सगळं डेस्कटॉपशी जुळायचं. लोक खरे भाळले ते या हॉटसिंकवर. पुढे जे झालं त्याचं बीजही मला इथेच दिसतं, कारण यंत्राने जगाशी कधी बोलायचं हे मालकाने बटण दाबून ठरवायचं, ही सवय कंपनीच्या हाडीमाशी भिनली.

पाम सेव्हन १९९९ च्या मेमध्ये आधी न्यूयॉर्कच्या परिसरात विकायला आला आणि काही महिन्यांनी अमेरिकाभर. सुरुवातीची किंमत ५९९ डॉलर. मामांचं यंत्र हातात असेल तर उजव्या बाजूची चपटी अँटेना उचलून बघा. ती वर केली की यंत्र आपोआप सुरू व्हायचं आणि इंटरनेटच्या प्रोग्रॅम्सचं पान समोर यायचं. रेडिओला लागणारा जोर साध्या सेलना झेपणारा नव्हता, म्हणून आत निकेल-कॅडमियमची एक वेगळी बॅटरी होती आणि ती त्याच ट्रिपल-ए सेलवरून भरली जायची. ही योजना मला आजही फार हुशारीची वाटते.

वेब क्लिपिंगचं, म्हणजे संकेतस्थळावरचं हवं तेवढंच आणण्याच्या पामच्या पद्धतीचं कामही तसंच. विमानाचं वेळापत्रक बघायचं असेल तर फॉर्म, चित्रं, मांडणी हे सगळं आधीच यंत्रात साठवलेलं. तुम्ही फ्लाइटचा नंबर ग्राफिटीत लिहून बटण दाबलं की हवेतून जायचा तो फक्त नंबर. पामचा सर्व्हर मूळ संकेतस्थळावरून उत्तर आणायचा, त्यातलं नको ते काढून टाकायचा आणि मोजक्या ओळी परत धाडायचा. शेअरचे भाव, हवामान, रस्त्याचा पत्ता असल्या कामांना हे पुरेसं होतं आणि ते चालायचंही. "वापरता यायचं का?" असं तुम्ही विचारलंत, तर हो, नक्की यायचं.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सगळं ज्या नेटवर्कवरून जायचं त्याचं नाव मोबिटेक्स. स्वीडनच्या सरकारी दूरसंचार खात्याने एरिक्सनच्या साथीने ते उभं केलं आणि १९८६ मध्ये सुरू केलं. अमेरिकेत ते बेलसाउथ या फोन कंपनीकडे होतं. वेग सेकंदाला ८ किलोबिट, एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त ५१२ बाइट. घरच्या ५६ के मोडेमपुढेही ते गोगलगाय होतं. आणि कॅनडातल्या वॉटर्लूच्या आरआयएम कंपनीचा ९५० हा पेजर, ज्यावर १९९९ च्या जानेवारीत ब्लॅकबेरी सेवा सुरू झाली, तोही याच मोबिटेक्सवर चालायचा. तेच टॉवर, तोच वेग, त्याच पॅकेटची मर्यादा. पडदा तर पामपेक्षा लहान, जेमतेम काही ओळींचा. मग वेग हे कारण कसं असेल?

फरक तीन ठिकाणी होता, आणि तिन्ही माणसांनी घेतलेले निर्णय होते.

पहिलं, रेडिओ. पाम सेव्हनची अँटेना खाली असली की तो बंद. म्हणजे तुमच्यासाठी काही आलंय का, हे तुम्ही अँटेना उचलून विचारल्याशिवाय कळायचं नाही. आरआयएमचा रेडिओ सतत चालू. नेटवर्क निरोप धरून ठेवायचं आणि यंत्र पल्ल्यात आलं की पोचवायचं. बैठकीत बसलेल्या माणसाच्या कमरेला यंत्र थरथरायचं, तो टेबलाखाली दोन अंगठ्यांनी तीन शब्दांचं उत्तर टाकायचा. हे सगळं एका डबल-ए सेलवर, आणि सेल आठवडे पुरायचा. पडदा लहान आणि काम फक्त मजकुराचं ठेवल्याने ते शक्य झालं.

दुसरं, पत्ता. पाम सेव्हनवर टपाल, म्हणजे ईमेल, यायचं ते पाम.नेटच्या नव्या पत्त्यावर. तो पत्ता तुम्ही लोकांना कळवायचा, त्यांनी लक्षात ठेवायचा, आणि ऑफिसचं टपाल मात्र ऑफिसातच. ब्लॅकबेरीने तुमचा ऑफिसचा मेलबॉक्सच खिशात आणला. ऑफिसच्या पीसीवर चालणारा एक प्रोग्रॅम आलेलं पत्र कुलूपबंद करून पुढे ढकलायचा, तेही आधी सुरुवातीचा तुकडा आणि हवं असेल तरच बाकीचं. पाठवणाऱ्याला काही कळायची गरजच नव्हती. माझ्या मते तिन्हींत हेच सगळ्यात मोठं.

तिसरं, पैसे. पाम.नेटची मूळ योजना महिन्याला ९.९९ डॉलर आणि त्यात ५० किलोबाइट. वर गेलात की दर किलोबाइटला ३० सेंट. हिशोब करून बघा, एका मेगाबाइटचे ३०० डॉलरहून जास्त होतात. प्रत्यक्षात कुणी एवढं वापरत नव्हतं, पण दराची भीती वापरण्याआधीच काम करते. एसटीडी बूथमध्ये समोरच्या लाल आकड्यांवर डोळा ठेवून घरच्यांशी बोलायचो, तसं हे यंत्र वापरलं जायचं. ब्लॅकबेरीचं बिल महिन्याला साधारण ४० डॉलर, म्हणजे चौपट, पण ठरलेलं. आणि ते कंपनी भरायची. ज्याला मोजावं लागत नाही तो मोकळेपणाने वापरतो, आणि वापरत राहिलं की सवय लागते.

ही तुलना जपानला लावली तरी टिकते. तिथल्या एनटीटी डोकोमो या फोन कंपनीचं आय-मोड, म्हणजे मोबाईलवरचं इंटरनेट, २२ फेब्रुवारी १९९९ ला सुरू झालं. वेग ९.६ किलोबिट, म्हणजे तोही बेताचाच. पण दर १२८ बाइटच्या पॅकेटला ०.३ येन. मेगाबाइटला साधारण २,४५० येन, तेव्हाच्या भावाने वीस-बावीस डॉलर, म्हणजे पाम.नेटच्या जादा दराच्या पंधराव्या भागाच्या आसपास. शिवाय माहिती पुरवणाऱ्यांची वर्गणी डोकोमो फोनच्या बिलातच वसूल करायची आणि स्वतःकडे ९ टक्के ठेवून बाकी त्यांना द्यायची. छोट्या कंपन्यांना पैसे मिळायला लागले, तशी पानं वाढली, तशी माणसं वाढली. २००१ च्या मार्चपर्यंत ग्राहक दोन कोटींवर गेले. काळाच्या पुढे म्हणावं असं यात काहीच नव्हतं, दर आणि व्यवस्था मात्र नीट विचार करून बसवलेली होती.

उलट उदाहरण म्हणजे युरोपातलं आणि आपल्याकडचंही वॅप, म्हणजे साध्या मोबाईलवर इंटरनेटची पानं बघण्याची सोय. जीएसएमच्या साध्या डेटा कॉलवरून ते चालायचं, आधी नंबर लागायचा, जोडणी व्हायला अर्धा मिनिट, आणि मीटर मिनिटावर. वाचत बसलात तरी पैसे चालूच. भारतात मोबाईल १९९५ मध्ये आले तेव्हा मिनिटाला १६ रुपयांच्या घरात दर होते आणि आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. दर पुढे उतरले, तरी मिनिटावर बातम्या वाचणं कुणाला परवडणार? मुंबई-पुण्यातल्या हौशी पामवाल्यांनी त्यातूनही वाट काढली होती. इन्फ्रारेड असलेला फोन आणि पाम टेबलावर खिडकीसमोर खिडकी येईल असे ठेवायचे, फोनचा मोडेम करून इंटरनेट कंपनीचा नंबर लावायचा आणि पत्रं उतरवून लगेच फोन ठेवायचा. मधे कुणाचा टेबलाला धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून. पत्र मराठीत लिहायचं तर रोमन अक्षरांत, कारण पाम ओएसमध्ये देवनागरी नव्हती.

अमेरिकेत बाकीचेही होते. ओम्निस्काय पाम फाइव्हला मोडेम जोडून १९.२ किलोबिट द्यायची, तेही ठरलेल्या मासिक दरात. मेट्रिकॉमच्या रिकोशेने रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर छोटे रेडिओ लावून आधी २८.८ आणि २००० मध्ये १२८ किलोबिट दिले. माझ्या मते त्या काळातलं सगळ्यात चांगलं बिनतारी इंटरनेट हेच होतं. दोन्ही कंपन्या २००१ मध्ये दिवाळखोरीत गेल्या. जाळं उभारायला आधी अफाट पैसा घालायचा आणि ग्राहक मागाहून येतील म्हणायचं, हे डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर चालण्यासारखं नव्हतं. म्हणजे वेग जास्त असणारेच आधी बुडाले, हेही वेगवाल्यांनी ध्यानात घ्यावं.

११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमध्ये मोबाईल फोन लागत नव्हते. त्याच वेळी पेजरच्या त्या जुन्या, मंद जाळ्यावरून छोटे मजकूर पोचत राहिले. त्यानंतर अमेरिकी प्रतिनिधीगृहाने आपल्या सगळ्या सदस्यांना ब्लॅकबेरी दिले. पामचा सतत चालू राहणारा आय७०५ आला तो २००२ च्या जानेवारीत, त्याच मोबिटेक्सवर. तोवर ऑफिसांची निवड झालेली होती. हॉकिन्स आणि मंडळी १९९८ मध्येच पाम सोडून गेली होती. त्यांच्या हँडस्प्रिंगने कीबोर्ड आणि फोन एकत्र करून ट्रिओ काढला, आणि २००३ मध्ये पामने ती कंपनीच विकत घेतली. पामला जे उमगायला हवं होतं ते पामच्याच माणसांना उमगलं, पण बाहेर पडल्यावर, याची मला आजही हळहळ वाटते.

आता मामांचं यंत्र. त्यातले पत्ते, टिपणं बहुतेक गेलेले असणार, कारण त्या यंत्रांत मजकूर साध्या रॅममध्ये असायचा आणि सेल उतरले की पुसला जायचा. आधी मागचं झाकण काढा. जुने सेल गळले असतील तर हिरवट-पांढरी पूड दिसेल. ती कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा आणि पूर्ण सुकू द्या. मग नवे सेल घाला. सुरू झाला तर पेन टेकवून पडदा जुळवून घ्यायला सांगेल. तसं झालं म्हणजे यंत्र ठीक आहे. क्रेडल असेल तर तो सीरियल पोर्टचा आहे, यूएसबी-टू-सीरियल केबल लागेल आणि लिनक्सवर पायलट-लिंक हा प्रोग्रॅम वापरून बघा. मामांच्या जुन्या पीसीची हार्ड डिस्क टाकून दिली नसेल तर ती आधी तपासा. हॉटसिंक प्रत्येक वेळी तिथे प्रत ठेवायचं, त्यामुळे यंत्रातलं गेलेलं सगळं पामच्या फोल्डरमध्ये, त्यांच्या नावाच्या उपफोल्डरमध्ये सापडू शकतं. त्या फायली मिळाल्या तर इथे सांगा, उघडायच्या कशा ते लिहितो.