नातीचं स्वप्न बदललं, आता आजोबांनी काय करायचं?

प्रश्न: माझी नात नऊ वर्षांची आहे. दोन वर्षं झाली, मोठी होऊन समुद्राच्या तळाशी जाणार, तिथले प्राणी शोधणार असंच म्हणायची. ऑक्टोपसचं चित्र काढलं की आत तीन हृदयं रंगवायची आणि मलाच विचारायची, तीन का सांगा आबा. मला कुठलं येतंय. मग तीच सांगायची, दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलतात आणि एक बाकीच्या अंगाला, ऐकून अंगावर काटा यायचा हो. भेटेल त्याला मी कौतुकाने सांगत सुटलो, प्रत्येक चित्राला बक्षीस पण ठरवून टाकलं. मागच्या आठवड्यात पाहुण्यांसमोर म्हटलं, सांग बाळा तू कोण होणार, तर गप्पच. रात्री माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आबा, मला आता अंतराळात जावंसं वाटतंय, तुम्हाला वाईट वाटेल का?" मुलगा म्हणतो बाबा तुम्ही तिला टेन्शन देताय. माझं कौतुक करणं चुकलं का?

उत्तर: आजोबा, कौतुक चुकलेलं नाही, ते आधी मनातून काढून टाका. जी मुलगी रात्री उठून तुमच्याकडेच येते आणि सगळ्यात अवघड गोष्ट तुम्हालाच आधी सांगते तिचा तुमच्यावर किती जीव आणि विश्वास आहे बघा ना. पण तिच्या त्या प्रश्नात स्वप्नाची काळजी कमी आणि तुमचीच जास्त आहे, ती तेवढी उतरवायला हवी. पाहुण्यांसमोर "कोण होणार" विचारणं आता बंदच करा, कारण चार लोकांत एकदा बोललेलं बदलायचं म्हणजे मोठ्यांनाही जड जातं, ती तर नऊ वर्षांची आहे.

बक्षिसाचं मात्र मला स्पष्ट सांगायचंय. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या चित्र काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल, आणि नंतर मोकळ्या वेळात त्या मुलांनी बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं त्यांची आवड कमी झाली नव्हती. म्हणजे खूश होऊन कधी काही दिलंत तर बिनधास्त द्या, फक्त प्रत्येक चित्रामागे ठरलेलं नको.

आणि समुद्र सोडून अंतराळ, यात वाया काहीच गेलेलं नाही. कॅथी सलिव्हन यांची गोष्ट सांगा तिला. त्या शिकल्या भूविज्ञान, समुद्राच्या तळाचा अभ्यास केला, मग अंतराळवीर झाल्या आणि 1984 मध्ये यानाबाहेर पडून अंतराळात चालणाऱ्या पहिल्या अमेरिकन महिला ठरल्या. 2020 मध्ये त्याच बाई पाणबुडीतून चॅलेंजर डीपमध्ये उतरल्या, समुद्रातली सगळ्यात खोल जागा ती, जवळपास 11 किलोमीटर खाली! नातीला यातलं काय व्हायचंय हे आत्ता ठरायची काही गरज नाही, उद्या तिसरंच काहीतरी म्हणेल, म्हणू दे.

तुम्हाला अभिमान वाटतो तो खरं तर तिच्या "तीन का" विचारण्याचा, तुमच्या पत्रातच दिसतंय ते, मग तिला तसंच सांगा ना, की तू शोधून काढतेस ते मला फार आवडतं. वाईट वाटलं नाही हेही स्वतःच्या तोंडाने सांगा, ती वाट बघत असेल. आणि जमलं तर आज तुम्हीच तिला एक विचारा, ऑक्टोपस पोहायला लागला की त्या तीनपैकी कुठलं हृदय थांबतं? अंगाला रक्त देणारं थांबतं, म्हणून तो लवकर दमतो आणि पोहण्यापेक्षा सरपटत जातो. तिला माहिती असणारच, पण विचारा.