लहान लेकरं घेऊन क्रूझला जायचं तर काय बघायचं?

प्रश्न: ताई, आम्ही भुसावळचे. मोठा सव्वातीन वर्षांचा, धाकटी चौदा महिन्यांची, सासूबाई पण सोबत येणारेत. दीर म्हणतात मुंबई-गोवा क्रूझ करा, नणंद म्हणते खर्च करायचाच तर सिंगापूरहून करा, मोठ्या जहाजावर मुलांसाठी भरपूर असतं. यांना सुट्टी मेअखेरीस मिळते. मला तर टेन्शनच आलंय, लेकरं आजारी पडली, जेवली नाहीत तर? काय बघून ठरवू?

उत्तर: ताई, जहाज केवढं आणि त्यावर घसरगुंड्या किती हे आधी बाजूला ठेवा. तुमच्या धाकटीचा दिवस डोळ्यासमोर आणा, दुपारची झोप, दर दोन-तीन तासांनी खाणं, संध्याकाळची किरकिर, आणि हा दिवस त्या जहाजावर नीट जाईल का एवढं एजंटला खोदून खोदून विचारा.

पहिलं विचारायचं ते वयाचं. बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत आणि सलग काही दिवस समुद्रातच असणारी सफर असेल तर वर्षाचं पूर्ण लागतं, म्हणजे तुमचं तिथे अडणार नाही. अडतं ते किड्स क्लबला, म्हणजे जहाजावर मुलांना खेळायला सोडायची जागा असते तिथे. जाहिरातीत जे रंगीबेरंगी दिसतं ना, ते बहुतेक जहाजांवर 3 वर्षं पूर्ण झालेल्या आणि डायपर सुटलेल्या मुलांसाठी असतं, मोठा जाईल पण धाकटी तुमच्याच कडेवर राहणार. नणंदेचं चूक नाहीये, सिंगापूरहून जाणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच जहाजांवर 6 ते 36 महिन्यांच्या बाळांसाठी नर्सरी असते, तासावर पैसे घेतात आणि जागा आधी धरावी लागते. पण त्यासाठी दोन्ही लेकरांचे वेगळे पासपोर्ट, वेगळे व्हिसा, वर विमान, आणि जहाज परत सिंगापूरलाच येतं म्हणून व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा, म्हणजे एकापेक्षा जास्त वेळा देशात शिरता येणारा आहे का तेही बघायचं. मला विचाराल तर पहिली खेप मुंबई-गोवा, थोड्याच रात्रींची. नाही जमलं तर थोड्याच दिवसांत मुंबईत उतरलात, संपला विषय. लक्षद्वीपच्या सफरीच्या मोहात आत्ता पडू नका, तिथे जहाज दूर उभं राहतं आणि लहान बोटीत उतरून बेटावर जावं लागतं, कडेवर एक, हाताला एक आणि सोबत सासूबाई, नकोच ते.

मेअखेर मात्र मला अजिबात पटत नाही. 2021 चं तौक्ते वादळ मेमध्येच अरबी समुद्रात आलं होतं, आणि जूनपासून समुद्र खवळलेलाच असतो. यांना म्हणावं रजा पुढे ढकला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघा, तेव्हा पाणी शांत असतं.

आता खोली, खरी गोम इथे आहे. मुंबईहून जाणारं कॉर्डेलिया या कंपनीचं एम्प्रेस हे जहाज 1990 सालचं, त्यातल्या साध्या खोल्या लहानच, स्ट्रोलर (बाबागाडी) उघडला की चालायला जागा उरत नाही, म्हणून घडी होणाराच न्या. खोलीत किती माणसं चालतात त्या आकड्यात तान्हं बाळही एक माणूस धरतात, म्हणजे तुम्ही पाच जण, दोन शेजारच्या खोल्या मागा आणि पाळणा बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या. खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मधोमध घ्या, तिथे हलणं सगळ्यात कमी. अंघोळीला नुसता शॉवर, बादली-तांब्या काही नाही, आणि शॉवर अंगावर आला की एवढीशी लेकरं घाबरून रडतात, म्हणून हवा भरायचा छोटा टब आणि एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाकाच.

खाण्याचं एवढं टेन्शन नको. खिमट करायला इलेक्ट्रिक किटली नेऊ म्हणाल तर ती बहुतेक जहाजांवर चालत नाही, चेकिंगला काढून घेतात. त्यापेक्षा पहिल्याच संध्याकाळी डायनिंगच्या माणसाला सांगून ठेवा, मऊ भात आणि बिनतिखट वरण रोज लागेल, ते करून देतात. फॉर्म्युला दूध आणि डायपर मात्र घरूनच न्या, वर थोडे जास्तीचे.

मळमळीचं म्हणाल तर दोन वर्षांखालच्या बाळांना ती सहसा लागत नाही, मोठ्याला लागू शकते. आपल्या मनाने मोठ्यांची गोळी अर्धी करून अजिबात देऊ नका, प्रोमेथाझिन हे मळमळीवरचं औषध तर दोन वर्षांखाली द्यायचंच नसतं. निघायच्या आधी डॉक्टरांना भेटून औषध लिहून घ्या.

आणि मुंबईला एक दिवस आधीच पोचा. सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाजात चढायचा धक्का, टॅक्सीने जवळच आहे, पण गाडी लेट झाली तर जहाज थांबत नाही.

प्रश्न: शिरपूरहून लिहितेय, आमचं पोरगं दीड वर्षाचं, पाणी दिसलं की ऐकत नाही. स्विम डायपर घालून जहाजाच्या पूलमध्ये सोडलं तर चालेल ना?

उत्तर: बहुतेक जहाजांवर नाही चालत, स्विम डायपर घातला तरी नाही. जुलाबाचे जंतू पाण्यातून पसरू नयेत म्हणून नियम कडक असतो आणि तो पटण्यासारखाच आहे. काही मोठ्या जहाजांवर डायपरवाल्या बाळांसाठी वेगळी कारंज्यांची जागा असते, बुकिंगआधी तेवढं लेखी विचारून घ्या. नसेलच तर पोराला डेकवर पूलच्या बाजूलाच नेऊ नका, खोलीत हवा भरायच्या छोट्या टबमध्ये हवं तेवढं खेळू द्या.