फास्ट फूडमधला प्लांट-बेस्ड बर्गर शाकाहारी माणसाने डोळे झाकून खावा का?

डोळे झाकून नको. काउंटरवर दोन प्रश्न विचारा आणि मग खुशाल खा.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही जन्मापासून शाकाहारी, मित्रांबरोबर बर्गर खायला जाणं होतं, आणि मेनूवरच्या हिरव्या पानाच्या चित्रावर कितपत विश्वास ठेवावा ते कळत नाही. शिवाय हा बर्गर तब्येतीला बरा असतो का, असंही विचारलंय. शिकत असताना मी एका बर्गर साखळीच्या किचनमध्ये शिफ्ट केल्या आहेत (नाव विचारू नका), त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूचं थोडं ठाऊक आहे.

प्लांट-बेस्ड बर्गर म्हणजे वनस्पतींपासून केलेल्या, मांसासारख्या पॅटीचा (मधल्या टिक्कीचा) बर्गर. हा बर्गर तुमच्यासाठी बनवलेलाच नाही, हे एकदा मनात पक्कं केलं की बाकीचं सगळं समजायला सोपं जातं. बीन्स, वाटाणा, गाजर कुस्करून केलेला जुना व्हेज बर्गर शाकाहारी लोकांसाठी होता. मांसासारखं दिसण्याची त्याला हौस नव्हती. नवा बर्गर मांस खाणाऱ्याला वळवण्यासाठी आहे. इम्पॉसिबल फूड्स ही कंपनी 2011 मध्ये स्टॅनफर्डच्या पॅट्रिक ब्राउन या बायोकेमिस्टने काढली, तीच या हेतूने: गोमांस खाणाऱ्याने ते सोडावं आणि त्याला काही चुकल्यासारखं वाटू नये. बियॉन्ड मीट या दुसऱ्या कंपनीने 2016 मध्ये आपला बर्गर अमेरिकेतल्या दुकानात आणला तेव्हा तो मुद्दाम मांसाच्या शीतकपाटात ठेवला, भाज्यांच्या शेजारी नाही.

म्हणून तर तो ‘रक्ताळतो’. पहिल्यांदा पाहणाऱ्या शाकाहारी माणसाचा घास तोंडाशीच थांबतो, आणि त्यात नवल नाही. पण ते रक्त नसतं. बियॉन्डच्या पॅटीत मुख्यतः वाटाण्याचं प्रथिन असतं आणि लाली बिटाच्या रसाची. इम्पॉसिबलची गंमत वेगळी आहे. मांसाला मांसाची चव येते त्यात हीम या लोहयुक्त रेणूचा मोठा वाटा असतो. तापल्यावर तो साखर आणि अमिनो आम्लांना धक्का देऊन तो खमंग वास तयार करवतो. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींमध्येही असंच एक हीमवालं प्रथिन असतं, लेगहिमोग्लोबिन. त्यासाठी शेतंच्या शेतं उपटत बसण्यापेक्षा कंपनीने त्याचं जनुक यीस्टमध्ये घातलं, आणि आता ते टाक्यांमध्ये आंबवून काढतात. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामकाने 2018 मध्ये त्याच्या सुरक्षिततेबद्दल आपला काही प्रश्न उरलेला नाही असं कळवलं. त्यासाठी हे प्रथिन उंदरांना खाऊ घालून तपासलं होतं, म्हणून काही व्हीगन (दूध-अंडंही वर्ज्य मानणारी) मंडळी आजही या कंपनीवर रागावून आहेत. पॅटीत मात्र प्राण्यापासून आलेलं काही नसतं, एवढं खात्रीने सांगतो.

खरी गोम पॅटी किचनमध्ये पोचल्यावर सुरू होते.

आमच्याकडे फिरत्या जाळीची भट्टी होती. एका टोकाला गोठलेली पॅटी ठेवायची, ज्वाळांमधून जात ती दुसऱ्या टोकाला भाजून बाहेर पडायची. त्या जाळीवर दिवसभर मांसाची चरबी ठिबकलेली असते. दुपारच्या गर्दीत एका वेगळ्या पॅटीसाठी कोणी भट्टी पुसत नाही, पुसणं शक्यही नसतं. चिमटा तोच, ट्रे तोच. कामगाराच्या मनात खोट नसते. त्याच्या स्क्रीनवर ऑर्डरी साचत असतात आणि डोक्यावर टायमर ओरडत असतो.

हे फक्त माझ्या किचनपुरतं समजू नका. बर्गर किंगने एप्रिल 2019 मध्ये सेंट लुईस भागात इम्पॉसिबल व्हॉपरची, म्हणजे इम्पॉसिबलची पॅटी घातलेल्या आपल्या व्हॉपर बर्गरची, चाचणी घेतली आणि ऑगस्टमध्ये तो अमेरिकाभर आणला. तो गोमांसाच्याच भट्टीवर भाजला जायचा आणि त्यात अंड्याचं मेयोनीज असायचं. नोव्हेंबरमध्ये एका व्हीगन ग्राहकाने कोर्टात धाव घेतली, पण दावा टिकला नाही. पॅटी मांसाची नसेल एवढंच वचन कंपनीने दिलं होतं, ती वेगळ्या भट्टीवर भाजू असं नव्हतं. ब्रिटनमध्ये उलट घडलं. बर्गर किंगच्याच तिथल्या रेबेल व्हॉपर या बिनमांसाच्या बर्गरच्या जाहिराती जाहिरात नियामकाने 2020 मध्ये दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या, कारण तेच: अंड्याचं मेयो आणि सामायिक भट्टी. एकाच प्रकारच्या बर्गरवर दोन देशांत दोन निकाल. यातून तुम्ही काय घ्यायचं, तर मेनूवरचा दावा बहुधा पॅटीपुरता असतो, हातात येणाऱ्या अख्ख्या बर्गरचा नसतो.

नीट करायचं ठरवलं तर करता येतं, हेही सांगायला हवं. मॅकडोनाल्ड्सने ब्रिटनमध्ये मॅकप्लांट आणला तो बियॉन्डच्याच पॅटीचा, पण चीज आणि सॉस व्हीगन, शिजवणं वेगळं, उपकरणंही वेगळी. त्याच नावाचा बर्गर अमेरिकेत मात्र मांसाच्याच तव्यावर व्हायचा, साध्या चीज-मेयोसह. 2021 च्या शेवटी आठ दुकानांत सुरुवात झाली, पुढे सुमारे 600 दुकानांत चाचणी झाली आणि मग तो गुपचूप बंद पडला. मला विचाराल तर हे होणारच होतं. मांस खाणारा कुतूहलाने एकदा चाखतो आणि पुन्हा आपल्या नेहमीच्या बर्गरकडे वळतो. ज्याने पुन्हा पुन्हा यायचं तो शाकाहारी माणूस मांसाचा तवा बघून दारातूनच परततो. मग उरलं कोण?

तब्येतीचं थोडक्यात. गोमांसाच्या बर्गरच्या जागी खात असाल तर थोडा फायदा आहे. स्टॅनफर्डच्या 2020 च्या एका अभ्यासात 36 जणांनी आठ आठवडे मांस आणि आठ आठवडे बियॉन्डचे पदार्थ खाल्ले. दुसऱ्या काळात त्यांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल कमी आढळलं. अभ्यासाला पैसा बियॉन्डचा होता, हे ध्यानात असू द्या. पण तुम्ही गोमांस खातच नाही, तेव्हा ही तुलना तुमच्या काय कामाची? तुमची तुलना साध्या बीन्सच्या टिक्कीशी. इम्पॉसिबलच्या 113 ग्रॅमच्या पॅटीत खोबरेल तेलामुळे बरीच संपृक्त चरबी येते आणि 370 मिलिग्रॅम सोडियम. वर ब्रेड, चीज, सॉस वेगळेच. जमेच्या बाजूला 19 ग्रॅम प्रथिनं आणि वरून घातलेलं बी-12, जे शाकाहारी लोकांना बरेचदा कमी पडतं. कधीमधी खायला हरकत नाही, पण पौष्टिक म्हणून मागवू नका. सोयाची अ‍ॅलर्जी असेल तर इम्पॉसिबल वर्ज्यच.

आता काउंटरवर काय विचारायचं ते. पहिला प्रश्न: ही पॅटी मांसाच्याच भट्टीवर भाजता का? हो म्हणाले तर ओव्हन किंवा मायक्रोवेव्हमध्ये करून मागा. बऱ्याच ठिकाणी ती सोय असते, फक्त आपणहून कोणी सांगत नाही. धुराची चव जाते, त्याला इलाज नाही. दुसरा प्रश्न: मेयोत अंडं आहे का? असेल तर मेयो काढायला सांगा, केचप-मोहरीवर भागतं. शक्यतो गर्दीची वेळ टाळून जा. निवांत असलेला माणूस हातमोजेही बदलतो.

आणि बर्गर गरम असतानाच संपवा. या पॅट्या बांधून ठेवायला मिथाइलसेल्युलोज वापरतात. त्याची खोड अशी की तापलं की घट्ट होतं आणि निवलं की सैल पडतं. पार्सल घरी नेऊन खाणाऱ्यांची ‘लगदा लागला’ ही तक्रार बरेचदा तिथूनच येते.

बर्गरबरोबर फ्राइज घेणार असाल तर त्यांचीही चौकशी करा. तळणीचं तेल चिकनबरोबर वाटून घेतलेलं असू शकतं, आणि अमेरिकेत तर मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजमध्येच बीफ फ्लेवर असतो. त्यावरून तिथल्या हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांनी केलेल्या खटल्यात कंपनीने 2002 मध्ये तडजोड केली. फ्लेवर मात्र तसाच राहिला.