‘हू’, ‘दॅट’ आणि आपला ‘जो’

जळगावच्या एका ताईंनी विचारलंय: केळीच्या मालाबद्दल पत्र लिहिताना त्यांनी ‘द फार्मर दॅट सेंट द ट्रक’ असं लिहिलं. साहेबांनी ‘दॅट’वर रेघ मारून ‘हू’ केलं. माणसासाठी ‘दॅट’ चुकीचंच का?

नाही ताई, तुमचं वाक्य बरोबर होतं. इंग्रजीत माणसासाठी ‘दॅट’ कित्येक शतकं चालत आलंय. कर्त्याच्या जागी ‘हू’ रुळलं ते त्यानंतर. १६११च्या इंग्रजी बायबलात ‘अवर फादर विच आर्ट इन हेवन’ आहे, म्हणजे तेव्हा स्वर्गातल्या पित्यालाही ‘विच’ चालायचं. आज माणसाला ‘विच’ लावलं तर मात्र चूकच. ‘दॅट’ काही जणांना खटकतं, म्हणून कामाच्या पत्रात ‘हू’ बरं. आणि स्वल्पविराम देऊन जादा माहिती जोडायची असेल, जसं ‘माय ब्रदर, हू वर्क्स इन भुसावळ’, तर तिथे ‘दॅट’ बसतच नाही.

‘माय अंकल विच इज इन रेल्वे’ हे वाक्य भुसावळच्या मुलांच्या वह्यांत मी कितीदा तपासलं असेल! ते येतं आपल्या ‘जो’मधून. जो काका रेल्वेत आहे, जो घड पिकला आहे: ‘जो’ लिंग आणि वचन बघतो, माणूस की वस्तू हे बघत नाही. प्रश्न विचारताना मात्र आपण तो भेद करतोच, माणसाला ‘कोण’, वस्तूला ‘काय’. म्हणून मुलांना सांगतो, आधी मनात विचारा. ‘कोण’ आलं की ‘हू’.

खरी अडचण ‘हूम’ची. ‘ज्याला’ म्हणजे ‘हूम’ असं पाठ करून घेतात आणि तिथेच घोळ होतो. ‘मी ज्याला भेटलो’ इथे ‘हूम’ ठीक. पण ‘ज्याला ताप आहे’, अहिराणीत ‘ज्याले ताप शे’, याचं इंग्रजी ‘हू हॅज फीवर’. आपल्याकडे ताप माणसाला असतो, भूक माणसाला लागते, इंग्रजीसुद्धा माणसाला येतं. तिकडे या सगळ्याचा कर्ता माणूसच. पोरगं ‘ला’ किंवा ‘ले’ ऐकतं आणि ‘द बॉय हूम हॅज फीवर’ लिहून मोकळं होतं. उलट ‘ज्याने’ला प्रत्यय असूनही तिथे ‘हू’च. तेव्हा मराठी प्रत्ययावर जाऊ नका. इंग्रजी वाक्य सुटं करून बघा: ‘ही’ बसलं तर ‘हू’, ‘हिम’ बसलं तर ‘हूम’. बोलताना तर ‘हूम’ सरळ गाळतात, ‘द फार्मर आय मेट’.

‘हूज’ची काळजी नको, ते माणसाला आणि वस्तूला दोघांनाही चालतं.

तुमच्या वाक्यात ‘ही सेंट द ट्रक’, म्हणून ‘हू’. पुढच्या ओळीत ‘ज्या शेतकऱ्याकडून माल घेतला’ असं लिहायचं असेल, तर ‘द फार्मर फ्रॉम हूम वी बॉट द बनानाज’ लिहा. ‘फ्रॉम’च्या लगेच पुढे ना ‘दॅट’ चालतं, ना ‘हू’ शोभतं.